फिरवलेला आहेर

शनिवारी सकाळी पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरवता भुरभुरवता हिमानीनं टीव्हीकडे पाहिलं आणि तिचा हात हवेतच राहिला. आदल्या दिवशीची सुनावणी परत दाखवत होते. वॉशिंग्टनच्या चौकशी समितीसमोर ग्रेग कोलमन शपथ घेत होता. कोलमन म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या अगदी आतल्या गोटातला माणूस. गेले सहा आठवडे कुठलंही चॅनल लावा, हाच विषय: राष्ट्राध्यक्षांच्या सरकारनं कंत्राटं आपल्या मित्रमंडळींना खिरापतीसारखी वाटली. आणि त्या कंत्राटांमध्ये एक हिमानीच्या कंपनीचं होतं.

"कंपनीचे मालक रिक डॉसन यांना तुम्ही कंत्राटाआधी कधी भेटला होता का?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"कधीच नाही," कोलमन म्हणाला. "आमची पहिली भेट जुलैमध्ये झाली. कंत्राट देऊन झाल्यानंतर."

"अरे वा रे वा!" देवदत्तनं चहाचा कप खाली आपटला. "आणि मार्चमध्ये आपल्या वास्तुशांतीला येऊन शिरा कोण खाऊन गेलं? याचं भूत?"

"हळू बोल. केया उठेल."

केया कसली उठतेय! एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजातून वीकेंडला घरी आलेली, बारा वाजल्याशिवाय तिचा डोळा उघडत नाही. पण हिमानी गेले नऊ दिवस स्वतःच्याच घरात कुजबुजत होती. त्याला कारण होतं.

वास्तुशांत मार्चमधली. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आठ वर्षं भाड्याच्या घरात काढून शेवटी स्वतःचं घर झालं, तेव्हा नागपूरहून सासूबाई आल्या, सत्यनारायण झाला, नव्वद माणसं जेवली. ऑफिसमधून रिकला बोलावणं होतंच. तो येताना एक मित्र घेऊन आला. "हा ग्रेग, गावात होता, घेऊन आलो," एवढीच ओळख. ग्रेगनं दारात मुकाट्यानं बूट काढले, डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते सासूबाईंनी लगेच टिपलं. प्रसादाचा शिरा त्याला इतका आवडला की तीनदा मागून घेतला. मग रिक आणि तो "जरा बोलतो" म्हणून तळघरात जाऊन बसले ते पाऊण तास वर आलेच नाहीत. वर बिचारे गुरुजी आरतीसाठी ताटकळले.

जूनमध्ये कंपनीला कंत्राट मिळालं. वादळात, पुरात घरं गेलेल्या लोकांच्या मदतीचे अर्ज घ्यायचं आणि पैसे पोचवायचं सॉफ्टवेअर. कंपनीनं आयुष्यात असलं काही केलेलं नव्हतं. हिमानीला प्रोजेक्ट मॅनेजर केलं, म्हणून तर तिला ठाऊक, की सिस्टिम कशी दर तिसरा अर्ज गिळून टाकते. लुइझियानातल्या एका मिसेस ब्रूसार्डनं आतापर्यंत अकरा व्हॉइसमेल ठेवले होते. पहिल्यात ती चिडली होती. अकराव्यात नुसतं म्हणाली, "ताडपत्री फाटलीय, हनी. परत पाऊस येतोय म्हणतात." हिमानीनं वर कळवलं. वरून उत्तर आलं, "नोटेड."

आणि नऊ दिवसांपूर्वी, गुरुवारी, कंपनीच्या वकिलांनी तिला एका खोलीत बोलावलं. गोड हसून पाणी दिलं. समितीला पाठवायचं एक निवेदन टाइप करूनच ठेवलं होतं: मार्चमध्ये माझ्या घरी झालेल्या कार्यक्रमाला मी मिस्टर कोलमन यांना पाहिलेलं नाही. खाली बारीक अक्षरात, हे खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र. "घाई नाही," वकील म्हणाले. "बाय द वे, तुमच्या ग्रीन कार्डची फाइल आमच्याकडेच आहे ना?"

बस्स, एवढंच बोलले. आणखी काय बोलायला हवं? बारा वर्षं रांगेत उभी होती बाई. तिची नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायचा. देवदत्तचं वर्क परमिट तिच्याच व्हिसाला बांधलेलं, घराचं कर्ज दोघांच्या डोक्यावर, आणि केया! केया एकवीस पूर्ण व्हायच्या आत कार्ड आलं नाही, तर ज्या देशात ती चालायला शिकली तिथे ती परकी ठरणार. चौदा महिने उरले होते. हिमानीनं सही केली. घरी येऊन फोनमधले ग्रेगचे दोन फोटो उडवले, देवदत्तकडूनही उडवून घेतले, आणि त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

"फोटो नाहीत, बाकी कुणी त्याला ओळखत नव्हतं," देवदत्त आता पोहे चिवडत म्हणाला. "आपण गप्प बसायचं. विषय संपला."

तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून सासूबाई, शोभनाताई, व्हिडिओवर. चेहरा कमी, कपाळ आणि पंखाच जास्त दिसत होता.

"अगं हिमानी, तो भोकाच्या मोज्याचा! इथं बातम्यांत दाखवतायत त्याला! मोठा माणूस निघाला की गं. आपल्याकडे तीनदा शिरा—"

"आई, कुणाला बोललात का?"

"छे! फक्त खालच्या मजल्यावर." शोभनाताईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "पण काही म्हण, माणूस रीतीचा. नको म्हटलं तरी तीन दिवसांनी कुरियरनं आहेर पाठवला. काचेचं भांडं, निळ्या खोक्यात. वर चिठ्ठी."

हिमानीनं फोन जवळ ओढला. "कसली चिठ्ठी?"

"मला काय माहीत कसली? बारीक अक्षर, इंग्रजी, आणि माझा चष्मा वर राहिलेला. होती तशी आत ठेवली आणि खोकं जिन्याखालच्या कपाटात टाकलं. तुला सांगितलं होतं मी. तू लॅपटॉपमध्ये डोकं घालून 'हो आई' म्हणालीस."

आता जिन्याखालचं कपाट म्हणजे काय, ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक घरात असतं ते. आलेल्या वस्तू न उघडता ठेवायच्या आणि पुढच्या बोलावण्याला वरचा कागद बदलून द्यायच्या. नको असलेला आहेर असा फिरत फिरत अर्धं गाव हिंडतो. हिमानीनं कपाट सगळं उपसलं. दोन चांदीचे करंडे निघाले, तीन भिंतीवरची घड्याळं, चीज वितळवायचा एक फोंड्यू सेट. निळं खोकं नव्हतं. आणि मग तिला आठवलं. मेमध्ये चारुताकडे गृहप्रवेश होता. आयत्या वेळी निघायची घाई. निळं खोकं आपणच उचललं होतं.

चारुता तिची इथली सगळ्यात जवळची मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. पण दिलेला आहेर परत कसा मागायचा? गाडीत बसून हिमानीनं चार सबबी तयार केल्या आणि दारात चारही विसरली.

"यार चारुता, ते मी तुला काचेचं भांडं दिलं होतं ना, त्याची ना... त्या कंपनीनं रिकॉल केलंय, सगळी भांडी परत मागवतायत. शिसं असतं म्हणे काचेत."

चारुताचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "ते निळ्या खोक्यातलं? अगं, इतकं सुंदर होतं—"

"तू उघडलंस?"

"उघडणारच होते..." चारुतानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता चिडू नकोस हं. जुलैत रेखाकाकूंचा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. ऐन वेळेला माझ्याकडे काहीच नव्हतं. अगं मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतंय!"

"मलाही," हिमानी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

रेखाकाकू म्हणजे डॉक्टर रेखा. वय अठ्ठ्याहत्तर. इथे आल्या तेव्हा अख्ख्या परिसरात मराठी घरं सातच होती, आणि आज निम्म्या मराठी घरांतली पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्यांच्यासमोर रिकॉलबिकॉल चालायचं नाही, एवढं हिमानीला कळत होतं. नदीपलीकडच्या त्यांच्या घरापर्यंत पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात तिनं दोनदा गाडी वळवून परत जायचा विचार केला.

काकूंनी दार उघडलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ये. मी वाट बघत होते, तू आधी येतेस की चारुता. आमचे प्रताप वर झोपलेत, हळू बोलू."

जेवणाच्या टेबलावर काचेचं भांडं होतं. त्यात संत्री. बाजूला निळं खोकं.

"काकू, ते..."

"बस आधी. पाणी पी." काकू समोर बसल्या. "तुम्हा मुलींना वाटतं, कोण उघडतंय! मी उघडते. प्रत्येक वस्तू उघडते, प्रत्येक चिठ्ठी वाचते. मी इथे नोकरीला लागले तेव्हा आमच्या हेडनर्सनं बजावलं होतं, भेट आली की आठ दिवसांत आभाराचं पत्र गेलंच पाहिजे. पन्नास वर्षांत एक चुकवलेलं नाही."

त्यांनी खोक्यातून जाडसर कार्ड काढलं आणि तिच्यासमोर सरकवलं. निळ्या शाईत, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. हिमानीनं वाचलं. घराला शुभेच्छा होत्या, शिऱ्याचं कौतुक होतं. आणि खाली: वॉशिंग्टनमध्ये सहा आठवड्यांत रिकचं आणि माझं जे जमलं नाही, ते तुमच्या तळघरात पाऊण तासात जमलं. तुमचं घर लकी आहे. ग्रेग कोलमन. वर मार्चची तारीख. मागे छापील पत्ता.

"अगं बाई," हिमानीच्या तोंडून एवढंच निघालं.

"थांब, अजून पुढे आहे." काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "मी चारुताला आभाराचं पत्र पाठवलं. आणि मूळ ज्यानं दिलं, त्यालाही पाठवलं."

"कुणाला?"

"पत्ता होता ना मागे! जुलैत हा माणूस कोण, मला काय ठाऊक? मी लिहिलं, मार्चमध्ये तुम्ही हिमानी आणि देवदत्तच्या घरी गेलात आणि त्यांना हे सुंदर भांडं दिलंत, ते फिरत फिरत माझ्याकडे आलंय, आम्ही त्यात फळं ठेवतो. मला मजेशीर वाटलं होतं गं ते."

हिमानीला हसावं की रडावं कळेना. काचेचं भांडं फिरवणं हा गुन्हा तरी किती साधा! अख्ख्या अमेरिकेत हे आपल्याशिवाय कुणाच्या हातून होणार होतं?

"मग या महिन्यात फोन आला," काकू म्हणाल्या. "चौदा तारखेला, मंगळवारी. त्याच्या ऑफिसातली मुलगी, अतिशय मधाळ. म्हणाली, त्या भांड्याबरोबर एक कार्ड होतं, ते अजून आहे का हो? तोवर मी टीव्हीवर सगळं पाहिलं होतं. मी सांगितलं, नाही गं बाई, कचऱ्यात गेलं कधीच. बेधडक खोटं बोलले. या देशात येऊन पहिल्यांदा."

चौदा तारीख, मंगळवार. हिमानीनं मनात दिवस मोजले. वकिलांनी आपल्याला बोलावलं तो गुरुवार, सोळा. म्हणजे फोन आधी, सही नंतर. आधी कार्ड नाहीसं झाल्याची खात्री करून घेतली, मग तिच्याकडून "नाही" लिहून घेतलं, आणि मग तो माणूस निर्धास्तपणे शपथेवर खोटं बोलून आला. त्याची सगळी शपथ तिच्या त्या एका सहीवर उभी होती. आणि उद्या समितीनं त्याच्या ऑफिसचे कागद मागवले, त्यात काकूंचं ते आभाराचं पत्र सापडलं, तर? तर खोटारडी कोण ठरणार? खाली बारीक अक्षरातली ती शिक्षा कुणाला?

"त्यांनी मला पुढे केलंय, काकू," ती म्हणाली. "मी किती मूर्ख आहे!"

"मूर्ख नाहीस. घाबरलीस." काकूंनी कार्ड खोक्यात ठेवलं आणि खोकं तिच्याकडे सरकवलं. "तुझी वस्तू आहे, तू घेऊन जा. मी काय करावं ते सांगणार नाही, कारण खरं सांगू? माझ्याकडे इथला पासपोर्ट आहे. तुझ्या जागी असते तर मीही सही केली असती आणि हे जाळलंही असतं. म्हणून तुला शहाणपण शिकवायचं मला तोंड नाही."

रविवारी सकाळी देवदत्त सरळ म्हणाला, "जाळून टाक." तो वाईट माणूस नव्हे; पण भीतीनं माणसाची बुद्धीच आखडते. "कार्ड नसेल तर नुसतं म्हातारीचं पत्र. आपण म्हणू, काकूंचं वय झालंय, गोंधळ झाला."

"रेखाकाकूंचा गोंधळ? इथली निम्मी बाळंतपणं कुणी केली, विसरलास?"

"मग काय करायचं? साठ दिवस, हिमानी! साठ दिवसांत घर विकणार तू? या बाजारात? आणि केयाचं कॉलेज? तू हिरोइन होशील आणि आपण तिघं नागपूरच्या विमानात बसलेले असू!"

"ओरडू नकोस माझ्यावर! मला काय हौस आलीय?"

"माझं कॉलेज कशाला मध्ये आणताय?"

केया जिन्यात उभी होती. केस विस्कटलेले, हातात फोन. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. मग सगळं सांगावंच लागलं. मिसेस ब्रूसार्डपासून मोज्याच्या भोकापर्यंत. तिनं कार्ड दोनदा वाचलं.

"सो यू साइन्ड दॅट फॉर मी," ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच, पिल्ला. अजून चौदा महिने—"

"डोन्ट." केयाचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "डोन्ट पुट दॅट ऑन मी, मम्मा. मी तुला सांगितलं नव्हतं. मला डिपोर्ट व्हायचं नाहीये. आय अ‍ॅम सो स्केअर्ड. पण उद्या त्या मिसेस ब्रूसार्डच्या घरात पाणी शिरलं, आणि मला इथे राहायला मिळालं, तर ते माझ्यामुळे झालं असं मला आयुष्यभर वाटेल. दॅट्स नॉट फेअर."

देवदत्तनं हातातलं लायटर ओट्यावर ठेवलं. नंतर तो बराच वेळ गॅरेजमध्ये जाऊन उगीच हिवाळ्याचं सामान लावत बसला. दुपारी आत आला, तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाचा नंबर एका कागदावर लिहून आणला होता. "हा आपला स्वतःचा," तो म्हणाला. "कंपनीचा नाही. रविवारीसुद्धा फोन घेतो."

वकील तासभर बोलला. त्यानं कसलीही हमी दिली नाही. म्हणाला, सही मागे घेऊन खरं सांगितलं तर शिक्षा बहुधा टळेल; नोकरी मात्र बहुधा जाईल, आणि नोकरीनंतरचं मी सांगू शकत नाही. "बहुधा" हा शब्द हिमानीनं त्या तासात इतक्या वेळा ऐकला, की शेवटी तिला त्याचा तिटकारा आला.

सोमवारी सकाळी नऊला ती स्वयंपाकघरात उभी होती. ऑफिसला कळवलं होतं, बरं नाही. ते खोटं नव्हतं, सकाळपासून दोनदा ओकारी झाली होती. देवदत्तनं लोकल सोडली होती. केयानं क्लास बुडवला होता. समितीचा नंबर लावला, तेवढ्यात मध्येच स्क्रीनवर रिकचं नाव आलं. हा बरा नेमका आत्ता फोन करतो! घ्यायचा? फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि थांबला.

"काय असेल?" देवदत्तनं विचारलं.

"काही का असेना," ती म्हणाली आणि तिनं परत समितीचा नंबर लावला.

पलीकडे एक तरुण बाई होती. नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं, ते हिमानीनं तीनदा सांगितलं. कंपनी कुठली ते विचारल्यावर पलीकडच्या टाइपिंगचा आवाज एकदम थांबला.

"मॅम, आमच्याकडे तुमचं सही केलेलं निवेदन आहे. मिस्टर कोलमन तुमच्या घरी आले नव्हते असं त्यात लिहिलंय."

"ते खोटं आहे," हिमानी म्हणाली. तिनं ओट्याला घट्ट धरलं. केयानं मागून येऊन तिच्या कमरेला मिठी मारली. "मी घाबरून सही केली होती. आता मला खरं सांगायचंय. त्या दिवशी आमच्याकडे नव्वद माणसं होती, त्यांत तेही होते. माझ्याकडे त्यांच्या हातचं कार्ड आहे."

"एक मिनिट, मॅम." पलीकडे कुणाला तरी खुणावल्याचा, दार लावल्याचा आवाज आला. मग ती बाई परत आली, आणि आता ती फार सावकाश, एकेक शब्द तोलून बोलत होती. "हा प्रश्न मी तुम्हाला नोंदीसाठी विचारतेय. नव्वद माणसं होती म्हणता. तो माणूस मिस्टर कोलमनच होता, याची तुम्हाला पूर्ण खात्री आहे?"

हिमानीनं डोळे मिटले. मार्चमधली सकाळ, नव्या रंगाचा वास, तूप, केळं, उदबत्ती, आणि आपल्या घरी कुणीही आलं तरी उपाशी जाऊ नये म्हणून हातात पातेलं घेऊन फिरणारी ती स्वतः.

"हो," ती म्हणाली. "मीच वाढलं त्याला. तीनदा."